ज्ञाता कोणास म्हणावे?

जीवाच्या ठिकाणच्या दोषांचा विचार करताना शास्त्र अज्ञान आणि अन्यथाज्ञान असा भेद दाखविते. वस्तू न कळणे हे अज्ञान होय. एक वस्तू दुसरीच म्हणून कळणे हे अन्यथाज्ञान होय. ज्याला कळत नाही तो निदान विचारतो तरी. ज्याला अन्यथा कळले आहे तो विचारीत नाही, कारण आपणांस कळले आहे अशी त्याची खात्री झालेली असते. देवतेस परमेश्वर मानणे हे अन्यथाज्ञानाचे थोर उदाहरण म्हणून निरूपणकार नेहमी देतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच जातीचे एक लहान, रोजचे, घरोघरचे अन्यथाज्ञान आहे आणि त्याकडे निरूपणात फारसे लक्ष जात नाही. ते म्हणजे ज्ञात्याच्या चिन्हांनाच ज्ञान समजणे.

हे अन्यथाज्ञान एकट्या जीवाचे नसते. ते साऱ्या समाजाने मिळून सांभाळलेले असते, म्हणूनच ते घालविणे कठीण. एखाद्या पुरुषास गाव ज्ञानी म्हणते. गावातील प्रत्येक मनुष्य तसे का म्हणतो? पाहू गेल्यास त्याने स्वतः परीक्षा केलेली नसते. शेजारी नमस्कार करतो म्हणून हा करतो, आणि शेजारी याच्याकडे पाहून करीत असतो. अशी ही गतानुगतिकता एकदा रूढ झाली म्हणजे तिचे मूळ कोणी शोधीत नाही. उलट जो नमस्कार करणार नाही तोच अज्ञ ठरतो.

नाशिक क्षेत्री ही गोष्ट विशेष स्पष्ट दिसते. गोदातीराने अटन करीत असता सर्वज्ञ श्रीचक्रधरप्रभू नाशिक, त्र्यंबक, सुकेणे या परिसरात येऊन गेले, ही पंथाची स्मृती आहे. सुकेण्याचे स्थान तर महानुभाव यात्रिकांना परिचितच आहे. त्याच नाशिकात रामकुंडावर आजही यात्रेकरू उतरला की त्याला प्रथम विचारले जाते ते गाव, आडनाव आणि जात. तेवढ्यावरून त्याचा क्षेत्रोपाध्याय कोण हे ठरते. मग उपाध्यायाच्या घरची जुनी वही निघते आणि तीत यात्रेकरूच्या आजोबा-पणजोबांची नावे, कोणत्या साली कोण आले होते, कोणाचे श्राद्ध केले, हे सारे सापडते. जुन्या वह्यांतून मोडी अक्षरे आहेत. ज्याच्या घरी आजोबांच्या नावापलीकडे काही ठाऊक नाही, त्याला आपल्या पणजोबाची सही पाहून डोळ्यांत पाणी येते. या ज्ञानाला कमी लेखण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या नावे जपून ठेवणे हे कष्टाचे काम आहे, आणि ज्याने ते केले त्याला ते ज्ञान खरोखरच आहे.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. ज्याला आपल्या पूर्वजांची नावे ठाऊक आहेत त्याला त्यांची गतीही ठाऊक असली पाहिजे, असे यात्रेकरू न बोलता गृहीत धरतो. वहीचे ज्ञान आणि परमार्थाचे ज्ञान यांमधले अंतर कोणी तोडलेले नसते. ते अंतर आहे याचीच आठवण राहिलेली नसते. उपाध्यायाने तसा दावा केलेला असतो असेही नाही. दावा समाजाने त्याच्या वतीने केलेला असतो.

त्याच गोदातीरी, पंचवटीत, काळाराम मंदिराचे दार आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह सुरू झाला आणि भाऊराव तथा दादासाहेब गायकवाड आदी नाशिककर कार्यकर्त्यांनी तो सुमारे पाच वर्षे नेटाने चालविला. दार उघडले नाही. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. देवळातील मूर्ती म्हणजे परमेश्वर नव्हे, हे महानुभाव साधकास शास्त्रतः ठाऊक असते. तेव्हा त्या दाराशी आपला काय संबंध, असे कोणास वाटेल. संबंध आहे. त्या दाराने केवळ मूर्तीचे दर्शन अडविले नव्हते. आत उभा असलेला तो जाणता आणि बाहेर उभा असलेला तो नेणता, ही विभागणीही ते दार करीत होते. बाहेर उभ्या असलेल्यांचा नायक हा परदेशांतील दोन नामांकित विद्यापीठांचा पंडित होता, तरी त्या विभागणीत फरक पडला नाही. ज्ञानाची चिन्हे म्हणून समाजाने ज्यांचा स्वीकार केला होता त्यांत ग्रंथाध्ययनापेक्षाही जन्म वरचढ होता, हे नाशिकच्या त्या पाच वर्षांनी उघड केले.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. केशिराजबासांनी सर्वज्ञांच्या वचनांतून निवडलेले ११४ दृष्टांत दृष्टांतपाठात आहेत. त्यांतील जात्यंधांचा आणि हत्तीचा दृष्टांत मुलांनाही ठाऊक असतो. ज्याच्या हाती पाय लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटला, ज्याच्या हाती कान लागला त्याला सुपासारखा. निरूपणात यावरून एवढेच सांगितले जाते की एकदेशी ज्ञान हे पूर्ण ज्ञान नव्हे. हा अर्थ बरोबर आहे. पण दृष्टांताच्या कडेला उभ्या असलेल्या गावकऱ्यांचाही थोडा विचार करून पाहावा. त्या जात्यंधांपैकी एक जण पाटलाच्या घरचा आहे, वयाने वडील आहे, त्याचा आवाज मोठा आहे असे समजा. गाव कोणाचे ऐकेल? हत्ती खांबासारखा आहे हेच त्या गावाचे शास्त्र होऊन बसेल, आणि सुपासारखा म्हणणारा, ज्याने कान तरी खरोखर चाचपला होता, तो पाखंडी ठरेल. जात्यंधांपैकी कोणीही खोटे बोलला नव्हता. गावाने मात्र हात न लावताच निकाल दिला.

मग मार्गाने ज्ञात्याची पारख कशी केली? याचे उत्तर सूत्रांच्या विवरणापेक्षा पूर्वाचार्यांच्या चरित्रांत अधिक ठसठशीत सापडते.

म्हाइंभट सराळेकर हे विद्वान ब्राह्मण. वादात जिंकण्याच्या ईर्ष्येने ते सर्वज्ञांकडे आले आणि शिष्य होऊन राहिले. त्यांचे पांडित्य खोटे नव्हते. पण त्याच म्हाइंभटांनी पुढे लीळा संकलित करावयास घेतल्या तेव्हा त्यांना आपले पांडित्य उपयोगी पडले नाही, कारण स्वामी कोठे बसले, काय बोलले, कोणास काय दिले, हे कोणत्याही शास्त्रग्रंथात लिहिलेले नव्हते. ते ठाऊक होते ज्यांनी पाहिले व ऐकले त्यांना. आणि त्यांत म्हाताऱ्या बायका होत्या, साधे गृहस्थ होते, अक्षरओळख नसलेले भक्त होते. वादासाठी आलेला पंडित गावोगाव हिंडून अशा माणसांपुढे बसून विचारीत राहिला. शके १२०० च्या सुमारास मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ सिद्ध झाला तो या विचारण्यातून. ग्रंथकाराचे नाव म्हाइंभटांचे, परंतु ज्ञाते कोण होते हे प्रत्येक लीळेगणिक पाहावे.

केशिराजबासांची कथा याहून सूक्ष्म आहे. ते संस्कृतचे गाढे अभ्यासक, रत्नमालास्तोत्र त्यांचेच. त्यांनी आचार्य श्रीनागदेवांस संस्कृतातून प्रश्न केला तेव्हा आचार्यांनी सांगितले की ती भाषा मला ठाऊक नाही, मला स्वामींनी मराठीतून निरूपिले, त्याच भाषेत विचारावे. येथे वाचकाने क्षणभर थांबावे. ज्या काळी संस्कृत न येणे म्हणजे अज्ञ असणे असा सर्वसंमत संकेत होता, त्या काळी मार्गाचा अधिष्ठाता आपल्याच पंडित शिष्यापुढे आपल्याला ती भाषा येत नाही असे म्हणतो, आणि त्यात त्याला काही उणे वाटत नाही. पुढे केशिराजबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागले तेव्हाही आचार्यांनी त्यांना आवरले, आणि कारण सांगितले ते एवढेच की त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील. शास्त्रशुद्धी, परंपरा, लोकमत यांपैकी कोणतेही कारण पुढे न करता आचार्यांनी म्हाताऱ्यांचे कारण पुढे केले. ग्रंथ कोणत्या भाषेत व्हावा हे त्यांच्या कळण्यावरून ठरले.

त्या म्हाताऱ्यांपैकी महदाइसा एक. मराठीची आद्य कवयित्री म्हणून त्यांच्या धवळ्यांचा गौरव आज विद्यापीठांतूनही होतो. पंथाची त्यांच्याविषयीची स्मृती मात्र कवयित्री म्हणून जेवढी आहे तेवढीच, किंबहुना अधिकच, सतत विचारीत राहणारी म्हणून आहे. न कळलेली गोष्ट त्या सोडीत नसत. लौकिक संकेत असा की जो सांगतो तो ज्ञाता आणि जो विचारतो तो अज्ञ. मार्गाने या संकेताला आत शिरू दिले नाही; येथे विचारणे हेच योग्यतेचे लक्षण मानले गेले. विटाळाच्या कल्पनेविषयी सर्वज्ञांनी जे सांगितले, की शरीराच्या इतर द्वारांतून जे निघते तसेच तेही एक, त्याचाही इत्यर्थ येथे ध्यानी घ्यावा. महिन्यातून चार दिवस जिला पोथीस हात लावता येत नाही, तिला ज्ञाता कोण म्हणणार? ती अट सर्वज्ञांनी मुळातच काढून टाकली.

आणि हिराइसा. परंपरा सांगते की देवगिरीच्या राज्यावर आलेल्या परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली. पोथी गेली, पण पाठ गेला नाही, कारण तो हिराइसांच्या मुखी होता. एका विद्वानाने गोळा केलेला ग्रंथ एका साध्वीच्या स्मरणातून पुन्हा उभा राहिला. आज ज्या ग्रंथाच्या आधारे महंत निरूपण करतात आणि प्राध्यापक प्रबंध लिहितात, त्याच्या आणि विस्मरणाच्या मध्ये एके काळी केवळ तिची वाचा उभी होती.

रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंना लोक वेडे म्हणत. ते अंत्यजांच्या घरी जात, हवे ते बोलत, हवे तसे वागत. ज्ञात्याची जी जी लक्षणे लोकांनी ठरविली होती त्यांतील एकही तेथे लागू पडत नव्हते. आणि तरी त्या गावाने त्यांना आईबाप मानले. चर्मकारास स्थिती झाल्याची लीळाही याच मालिकेतील. जाणकारांना तिचे विवरण करण्याचे कारण नाही.

येथे अशी शंका उपस्थित होते: चिन्हे जर खोटी, तर कोणीही उठावे आणि आपणांस ज्ञाता म्हणवावे काय? अधिकार म्हणून काही उरतोच की नाही?

समाधान असे की मार्गाने अधिकार नाकारला नाही. अधिकाराचे प्रमाण बदलले. शास्त्रात शाब्द ज्ञान आणि अपरोक्ष ज्ञान यांचा भेद सांगितला आहे. पंडिताचे असो वा म्हातारीचे असो, श्रवणाने प्राप्त झालेले ज्ञान शाब्दच होय. पुढील ज्ञान परमेश्वराने द्यावयाचे आहे, ते कोणी कोणाच्या वतीने घोषित करू शकत नाही. म्हणून शाब्द ज्ञानाच्या पातळीवर सारे एकाच ओळीत बसतात आणि तेथे परीक्षा एवढीच की ऐकलेले नीट धरले आहे काय, आणि तदनुसार आचार घडतो काय. भिक्षा चारही वर्णांत मागावी ही स्वामींची आज्ञा ज्याला मुखोद्गत आहे पण जो घर निवडून दारी उभा राहतो, त्याला ती आज्ञा कळलेली नाही. ही परीक्षा कठोर आहे, पण ती कोणाच्या जन्मावर किंवा वस्त्रावर अवलंबून नाही.

लौकिक व्यवहारातही याचे प्रत्यंतर सापडते. निफाड, दिंडोरी भागात द्राक्षबागांची एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी होते. बागेचा मालक, औषध विक्रेता, कृषी पदवीधर हे तेथील जाणकार म्हणून ओळखले जातात, आणि त्यांना पुष्कळ कळतेही. पण कोणत्या काडीचा कोणता डोळा राखावा याचा निर्णय प्रत्यक्ष वेलीपाशी पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांच्या हातांनी होत असतो. त्यांना कोणी विचारीत नाही. मोबदला मात्र त्या ज्ञानाचाच दिला जातो, मजुरी या नावाने. नाशिक येथेच १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतले आणि शाळा सुटलेल्यांसाठी पूर्वतयारीची वाट ठेवली, हे या दृष्टीने शुभ चिन्ह होय. अर्थात तेथेही शेवटी पदवीचा कागद हेच चिन्ह राहते.

दुसरी शंका अधिक अवघड आहे, आणि ती बाहेरच्यांची नसून घरची आहे. जो मार्ग म्हाताऱ्यांसाठी मराठीत बोलला, त्याच मार्गाने आपली शास्त्रे सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत का बंद करून ठेवली?

सकळ लिपीचे श्रेय परंपरा रवळोव्यासांना देते. शास्त्र भ्रष्ट होऊ नये, अनधिकाऱ्याच्या हाती जाऊन त्याचा विपर्यास होऊ नये, हा हेतू सद्‌हेतूच होता. त्या कठीण काळात पोथ्या टिकल्या यात त्या लिप्यांचा वाटाही असेल. पण परिणामांकडे पाहिले पाहिजे. बाहेरच्या जगाला कित्येक शतके पंथात काय आहे हे कळले नाही. न कळल्यामुळे अपसमज पसरले, आणि महानुभाव शब्दाभोवती निंदेचे वलय निर्माण झाले. हा परिणाम सर्वांना ठाऊक आहे. आतला परिणाम मात्र क्वचितच बोलला जातो. लिपी वाचता येणे हेच हळूहळू ज्ञानाचे चिन्ह झाले. संस्कृताच्या जागी लिपी आली. ज्याला ती येते तो ज्ञाता, ज्याला येत नाही तो श्रोता. आणि आचार्यांना ज्यांची काळजी होती त्या म्हाताऱ्या पुन्हा दाराबाहेर राहिल्या, फरक एवढाच की या वेळी दार आपले होते. जातीची बंधनेही कालांतराने पंथाच्या व्यवहारात शिरली, हे नाकारून चालणार नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आदी अभ्यासकांनी ही लिपी उलगडली, पुढे ग्रंथ छापले जाऊ लागले, आणि १९७८ साली डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले लीळाचरित्र राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. यावर पंथात नाराजी उमटली. तिचे काही कारण समजण्यासारखे आहे: ज्याने उपदेश घेतला नाही, ज्याच्या आचारात शास्त्र नाही, त्याने शास्त्राचा अर्थ सांगावा हे साधकास रुचत नाही. तथापि नाराजीतला काही भाग असाही होता की चिन्ह हातचे गेले. लिपी सर्वांस खुली झाल्यावर केवळ लिपी येण्याने कोणी ज्ञाता राहत नाही. आता निरूपणकाराला अर्थच सांगावा लागतो. हे नुकसान आहे असे मानण्याचे कारण दिसत नाही. २०२४ पासून रिद्धपुरास मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहत आहे, तेव्हा तर हा प्रश्न अधिकच निकट आला. तेथील पदवीधर उद्या आश्रमाच्या सभेत येऊन बसेल. त्याला मागे बसवायचे की पुढे, असा विचार ज्याच्या मनात प्रथम येईल त्याने केशिराजबासांचा प्रसंग पुन्हा वाचावा. पदवीधरानेही तो वाचावा, कारण त्याची प्रमाण मराठी ही आज त्याची संस्कृत होऊ शकते.

नाशिक जिल्ह्यातील आणि अन्यत्रच्याही आश्रमांतून चातुर्मासात निरूपण चालते. वक्ता आसनावर असतो, पुढे भिक्षुक, मग वासनिक पुरुष. तपस्विनी आणि स्त्रिया बहुधा एका बाजूस किंवा मागे. ही बैठक कोणी मुद्दाम योजलेली नसते, म्हणूनच तिची परीक्षा होत नाही. निरूपण संपल्यावर शंका असल्यास विचारावी असे म्हटले जाते, आणि शंका पहिल्या दोन रांगांतूनच येतात. मागे बसलेल्यांना शंका नसतात असे नव्हे. विचारल्यास आपले अज्ञान दिसेल हे भय त्यांनी बाहेरच्या समाजातून सोबत आणलेले असते, आणि सभेने ते दारात काढून ठेवण्यास सांगितलेले नसते. ज्या मार्गात विचारणाऱ्या म्हातारीचे कौतुक झाले त्याच्या सभेत हे भय टिकून राहावे, ही गोष्ट अधिकाऱ्यांनी मनावर घेण्यासारखी आहे.

लीळाचरित्राच्या पोथीत अनेक ठिकाणी एकच प्रसंग दोन प्रकारे दिलेला आढळतो. एकाने असे सांगितले, दुसऱ्याने तसे. आणि पाठापुढे ज्याची ती वासना त्याचे नाव, कोठे हिराइसांचे, कोठे आणखी कोणाचे. दोहोंपैकी कोणाचे खरे याचा निकाल पोथी देत नाही. सांगणारा पंडित होता की नव्हता, स्त्री होती की पुरुष, यावरून पाठ वर-खाली केलेला नाही. पारायणाच्या घाईत हे पाठभेद आणि ही नावे गळून जातात. ती वाचली जावीत. आणि वाचताना मागच्या रांगेतून कोणी, असे दोन प्रकारे का, म्हणून विचारले, तर वक्त्याने पान उलटू नये, पोथी तेथेच उघडी ठेवून थांबावे.